लिंबा लाकडापासून गिटारची बॉडी: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

लिंबा हे आफ्रिकेतलं एक लाकूड, लिंबू किंवा कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही. त्याची फळी हातात आली की त्याच दिवशी आकार कापून टाकावासा वाटतो. लाकूड मऊ, रंधा सहज चालतो, राउटर (फिरत्या बिटने खोबणी कोरणारं यंत्र) कुठे अडत नाही. बॉडी बिघडते ती याच सहजतेमुळे. अवजार सुरळीत चाललंय म्हणजे काम बरोबर चाललंय असं वाटतं आणि क्रम चुकतो. नेकची खोबण आकार कापल्यानंतर केली जाते, जोड सुकायच्या आत रंधा मारला जातो, लाकडाची बारीक नैसर्गिक छिद्रं भरल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅकर चढतं. यातली एकही चूक त्या वेळी दिसत नाही. सगळ्या महिन्याभराने वर येतात.

इथे धरलेली गिटार अशी आहे: भरीव बॉडी, स्क्रूने बसणारी नेक, स्थिर ब्रिज, मागून उघडणारी कंट्रोलची (नॉब आणि त्यांच्या वायरिंगची) खोबण आणि ६४८ मिमी स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी. तुमचं स्केल वेगळं असलं तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

१. फळी निवडताना

पांढरा लिंबा आणि काळा लिंबा ही दोन वेगळी झाडं नाहीत. दोन्ही पश्चिम आफ्रिकेतल्या टर्मिनालिया सुपर्बा या एकाच झाडाचं लाकूड. गाभ्यात गडद पट्टे असले की त्याला काळा लिंबा म्हणतात. पट्टे देखणे असतात, पण फळी निवडताना ते शेवटी पाहा. आधी पुढच्या तीन गोष्टी बघा.

पहिली, कीड. लिंबाला किडीपासून फारसं नैसर्गिक संरक्षण नसतं. टाचणीच्या टोकाएवढी जुनी, कोरडी भोकं काळ्या लिंबात बऱ्याचदा असतात आणि ती भरता येतात. ताजी कीड ओळखायची तर फळी काळ्या कागदावर ठेवून हलकेच ठोका. पिठासारखी बारीक पूड पडली तर ती फळी घेऊ नका आणि इतर लाकडाजवळही ठेवू नका.

दुसरी, निळसर करडे डाग. कापल्यावर वेळेत न सुकवलेल्या लिंबात बुरशीने असे डाग पडतात. मजबुती फारशी घटत नाही, पण पारदर्शक फिनिशखाली ते जास्तच उठून दिसतात आणि घासून जात नाहीत. बॉडी अपारदर्शक रंगाची असेल तर हरकत नाही.

तिसरी, वजन. कोरड्या लिंबाची घनता सरासरी घनमीटरला साधारण ५५० किलो असते, पण फळीगणिक ती बरीच बदलते. लांबी, रुंदी आणि जाडी मीटरमध्ये गुणा आणि वजनाला त्या घनफळाने भागा. ५१० × ३५५ × ४५ मिमीचा तुकडा साधारण साडेचार किलो भरतो आणि नेहमीच्या आकाराची तयार बॉडी त्याच्या निम्म्याच्या आसपास उतरते. फळी यापेक्षा खूप जड असेल तर ती घट्ट लाकडाची आहे की अजून ओली आहे, हे आधी ठरवा.

२. फळीला खोलीच्या हवेची सवय होऊ द्या

फळी आणल्यावर ती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली पट्ट्या देऊन आडवी ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल. ओलावा मोजण्याचं यंत्र असेल तर ६ ते १० टक्क्यांमध्ये आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. यंत्र नसेल तर फळीवर तारीख आणि वजन लिहा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. लागोपाठ दोन आठवडे वजन बदललं नाही की फळी कामाला तयार आहे.

मग जाडी काढा, पण एकदम शेवटच्या मापाला जाऊ नका. बॉडी ४४.५ मिमीची करायची असेल तर पहिल्या टप्प्यात ४८ मिमीवर थांबा आणि फळी आठवडाभर पुन्हा पट्ट्यांवर ठेवा. वरचा थर निघाला की आतला ताण मोकळा होतो आणि फळीला थोडा पीळ किंवा पन्हळ येतो. तो सरळ करायला हे तीन-चार मिलीमीटर लागतात.

*तपासणी: दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर उभ्या ठेवा आणि एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहा. कडा समांतर दिसत नसतील तर फळीला पीळ आहे.*

३. दोन तुकड्यांचा जोड

एवढी रुंद एकसंध फळी क्वचितच मिळते, त्यामुळे बॉडी बहुधा दोन तुकड्यांची होते. तुकडे मांडताना लोक पट्ट्यांची शोभा बघतात आणि रेषांची, म्हणजे लाकडाच्या तंतूंची, दिशा विसरतात. दोन्ही तुकड्यांवर रंधा कोणत्या दिशेने गुळगुळीत चालतो ते पाहा आणि खडूने बाण काढा. बाण एकाच दिशेला असले पाहिजेत. उलटे आले तर जोड लागल्यावर एका बाजूला रंधा सुरेख चालेल आणि दुसऱ्या बाजूचे टवके उडतील. काळ्या लिंबाची फळी पुस्तकासारखी उघडून जोडली की पट्टे जुळतात, पण दिशा हमखास उलट होते. तिथे जाडी रंध्याने न काढता ड्रम सँडरवर काढणं सुरक्षित.

कडा रंध्याने सरळ करून त्याच दिवशी चिकटवा. कोरडे तुकडे एकावर एक उभे करून मागे दिवा धरा. जोडातून कुठेही उजेड दिसता कामा नये. फट क्लॅम्प आवळून मिटवू नका. आज मिटलेली फट पुढे कधीतरी उघडते.

लाकडाचा पांढरा गोंद दोन्ही कडांना पातळ आणि सारखा लावा. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून पालटून लावा, म्हणजे तुकडे वाकणार नाहीत. आवळताना जोडाच्या पूर्ण लांबीत गोंदाचे बारीक मणी दिसले की थांबा. लिंबा मऊ असल्यामुळे क्लॅम्पखाली लाकडाचे तुकडे द्या, नाहीतर जबड्याचे ठसे उमटतात.

*इशारा: जोडाला किमान २४ तास हात लावू नका, जमलं तर तीन दिवस थांबा. गोंदातल्या पाण्याने जोडाजवळचं लाकूड फुगलेलं असतं. फुगलेलं असताना सपाट केलं तर सुकल्यावर तिथेच घळ पडते आणि चकचकीत लॅकरखाली मधोमध एक रेघ दिसते.*

आता फळी शेवटच्या जाडीला आणा.

४. मध्यरेषा, आणि मगच बाकी सगळं

मध्यरेषा जोडावरच असली पाहिजे असं नाही, पण ती एकदाच आखा आणि कामभर तीच वापरा. गुण्याने ती दोन्ही टोकांवरून मागच्या बाजूला न्या. पेन्सिल वापरा, टोकदार सुईने ओरखडा काढू नका. मऊ लाकडातला ओरखडा फिनिशपर्यंत टिकतो.

बाह्य आकार आता फक्त आखून ठेवा, कापू नका. लेख लिहायचं मुख्य कारण हेच आहे. चौकोनी तुकडा टेबलावर घट्ट बसतो, राउटरच्या तळाला सगळीकडे आधार मिळतो आणि नेकच्या खोबणीच्या तोंडाशी मागे भरपूर लाकूड असतं. आकार आधी कापला तर ते तोंड पातळ कडेवर येतं आणि बिट बाहेर पडताना कोपऱ्याचा टवका घेऊनच जातं.

मागच्या बाजूचं टेम्प्लेट (राउटरला वाट दाखवणारा साचा) ठेवताना ते उलटं करायचं असतं. कंट्रोलची खोबण चुकीच्या बाजूला खोदली जाणं फार सर्रास होतं. खोदण्याआधी पुढच्या बाजूच्या नॉबच्या जागा बारीक बिटने आरपार टोचा आणि मागे त्या आखलेल्या खोबणीच्या आत येतात का पाहा.

५. नेकची खोबण

खोबणीची खोली अंदाजाने ठरवू नका. मोठ्या कागदावर गिटारचा बाजूने दिसणारा छेद खऱ्या मापात काढा: नेकच्या टाचेची जाडी, फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी), फ्रेट (तिच्यावरच्या धातूच्या आडव्या तारा), ब्रिजची किमान आणि कमाल उंची. तारेची रेषा ब्रिजच्या उंचीच्या मर्यादेत साधारण मधून गेली पाहिजे. सपाट आणि बुटक्या ब्रिजला बहुधा १६ मिमी खोली पुरते. ब्रिज उंच असेल तर नेकला थोडा कोन द्यावा लागतो, आणि तो कोन खोबणीच्या तळात आत्ताच करायचा असतो.

टेम्प्लेट तुमच्या नेकवरून बनवा. विकत मिळणारं टेम्प्लेट आणि तुमची नेक यांत अर्ध्या मिलीमीटरचाही फरक असला तरी नेक हलते.

1. बरंचसं लाकूड आधी फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं बिट) काढून टाका. बिटचं मधलं टोक तळाच्या पातळीखाली जाणार नाही, याची खूण करा.
2. बेअरिंगच्या बिटने (टेम्प्लेटच्या कडेवरून फिरणारं चाक असलेलं बिट) ३ मिमीच्या टप्प्यांत खाली जा. खोबणीच्या आत राउटर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा आणि बाहेरच्या कडेवर उलट दिशेने.
3. शेवटचा अर्धा मिलीमीटर एकाच हलक्या फेरीत काढा.

बिट नवीन किंवा धार लावलेलं हवं. लिंबात बोथट बिट अडत नाही, नुसते तंतू उपसतं, त्यामुळे धार गेल्याचं हाताला कळत नाही. कडेवर लव दिसू लागली की बिट बदला.

*तपासणी: नेक हाताने दाबून बसवा. बॉडी उचलल्यावर नेक स्वतःहून पडू नये, पण बसवायला ठोकावंही लागू नये. मग फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांना लांब पट्ट्या लावून ब्रिजपर्यंत न्या. दोन्ही पट्ट्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत.*

पट्ट्या सारख्या येत नसतील तर ती चूक आता कागदाएवढ्या पातळ लाकडी पट्टीने सुधारते. पिकअपची (तारांचं कंपन पकडणारा भाग) खोबण खोदून झाल्यावर सुधारत नाही.

६. ब्रिजची जागा

नेक बसवूनच मोजा. नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा, म्हणजे ६४८ मिमी स्केलला ३२४ मिमी दोनदा. ती रेषा मध्यरेषेला काटकोनात आखा. सर्वांत बारीक तारेचं सॅडल (तार टेकते तो ब्रिजचा सरकता भाग) जवळजवळ पूर्ण पुढे असताना या रेषेवर येईल असा ब्रिज ठेवा. बाकीच्या तारांना स्वर जुळवताना मागे सरकायला जागा लागते, पुढे जवळपास नाही. दोन बाहेरच्या तारांच्या जागी दोरा ताणून तो फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहे का तेही बघा. भोकं अजून पाडू नका, नुसती टोचून ठेवा.

७. पिकअप आणि कंट्रोलच्या खोबणी

ब्रिज पक्का झाल्याशिवाय पिकअपची जागा पक्की होत नाही. नेकच्या खोबणीची कृतीच इथे लागू आहे. खोली पिकअप मोजून ठरवा, त्याच्या कडेच्या पायांना बहुधा जास्त खोली लागते.

मागच्या खोबणीत आधी झाकणाची उथळ पायरी करा, मग आत खोल जा. पॉटच्या (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) आट्यांची लांबी मोजा. पुढे साधारण ६ मिमी लाकूड उरलं तर बहुतेक पॉट बसतात, टॉगल स्विचला मात्र बरंचदा त्याहून कमी जाडी लागते, तिथे आतून वेगळी खाच करा. खोल जाताना प्रत्येक फेरीनंतर उरलेली जाडी मोजा. राउटरचं कॉलेट (बिट धरणारी पकड) सैल असेल तर बिट हळूहळू बाहेर सरकतं आणि पुढून आरपार जातं. लिंबात आवाज फारसा बदलत नाही, त्यामुळे कानावर भरवसा ठेवू नका.

वायरसाठी लांब बिटने खोबणी एकमेकींना जोडा. ब्रिजखालून कंट्रोलपर्यंत ग्राउंड वायरचं भोकही याच टप्प्यात पाडा. ते हमखास विसरलं जातं आणि मग फिनिश झालेल्या बॉडीत ड्रिल घालावं लागतं.

८. बाह्य आकार

बँडसॉ किंवा जिगसॉने रेषेच्या २ मिमी बाहेरून कापा. जिगसॉचं पातं जाड लाकडात वाकतं आणि खालची बाजू वरच्यापेक्षा वेगळी कापली जाते, म्हणून तिथे ४ मिमी सोडा.

राउटरने कडा साफ करताना लिंबा सर्वांत जास्त टवके टाकतो, आणि ते ठरावीक जागी. बॉडीच्या रुंद भागाकडून कमरेकडे जाताना तंतूंना मागून आधार असतो आणि कट स्वच्छ येतो. कमरेकडून रुंद भागाकडे चढताना बिट तंतूंच्या टोकांत शिरतं आणि ती उचकटतात. एका दिशेने सगळी बॉडी फिरवली की निम्मी कड चुकीच्या दिशेने कापली जाते. त्यावर उपाय असा: टेम्प्लेट वर ठेवून, वर बेअरिंग असलेल्या बिटने फक्त उताराच्या कडा कापा. मग बॉडी टेम्प्लेटसकट उलटी करा, खाली बेअरिंग असलेलं बिट लावा आणि उरलेल्या कडा कापा. आता त्याही उताराच्या झालेल्या असतात.

शिंगांची (नेकच्या बाजूंना पुढे आलेले बॉडीचे भाग) टोकं आणि टोकाकडचा आडवा छेद, म्हणजे तंतूंची टोकं उघडी पडतात तो भाग, जिथे सुरू होतो ती वळणं राउटरने पूर्ण करू नका. तिथे मिलीमीटरभर सोडून ड्रम सँडर किंवा कानस वापरा. वेळ लागतो, पण उडालेला टवका पांढऱ्या लिंबात जुळवून चिकटवला तरी दिसतो.

*इशारा: लिंबाची कूस बोटात शिरली की जखम चिघळते आणि भरायला वेळ घेते. कच्च्या कडांवरून हात फिरवू नका. फळ्या उचलताना हातमोजे घाला, मशीन चालू असताना मात्र काढून ठेवा. धुळीने नाक आणि त्वचा चुरचुरते, त्यामुळे नीट बसणारा मास्क हवाच.*

बॉडी अंगाला आणि हाताला नीट टेकावी म्हणून द्यायचा पोटाचा आणि हाताचा उतार कानस आणि स्क्रेपरने काढा, मग कडा गोल करा. ३ मिमी त्रिज्या पुरते. नेकच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना थोडं आधीच थांबा, तिथली कड तीक्ष्णच हवी.

९. भोकं

प्रत्येक माप आधी लिंबाच्या रद्दी तुकड्यावर पाडून पाहा, दुसऱ्या लाकडावर नको.

नेकच्या स्क्रूचं बॉडीतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं. स्क्रू ४ मिमीचा असेल तर ४.५ मिमी, म्हणजे तो बॉडीतून मोकळा जातो आणि आटे फक्त नेकमध्ये धरतात. बॉडीतही आटे धरले तर कितीही आवळा, दोघांत फट राहते. बारीक स्क्रूंना सर्वत्र आधी भोक पाडाच. लिंबा कडेजवळ सहज चिरतो. ३ मिमीच्या स्क्रूला २ मिमी भोक पुरतं. एकदा स्क्रू फिरवून काढा, भोकात पातळ सुपर ग्लूचा एक थेंब सोडा आणि पूर्ण सुकू द्या. मऊ लाकडातले आटे त्याने टिकतात.

ब्रिजच्या बुशिंगची (लाकडात दाबून बसवायची धातूची नळी) भोकं पाडल्यावर त्यांच्या तोंडाला बारीक उतार द्या. नाहीतर बुशिंग दाबताना फिनिश उचललं जाऊन तडा जातो.

१०. घासणं

आधी पोचे काढा. टणकपणात लिंबा हार्ड मेपलच्या निम्म्यालाही येत नाही, त्यामुळे आतापर्यंत बॉडीवर ठसे नक्की पडलेले असतात. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा, दबलेले तंतू फुगून वर येतात. जिथे तंतू तुटलेत तिथे हा उपाय चालत नाही. छिद्रं भरल्यावर पोचा वर येत नाही, म्हणून हे आत्ताच.

मग सपाट ठोकळ्यावर १००, १५०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेने. प्रत्येक नंबरआधी पेन्सिलीने सगळीकडे रेघोट्या मारा आणि त्या जाईपर्यंत घासा. खोबणींच्या कडांवर नुसती बोटं लावून घासलं तर कडा ढळतात. आडव्या छेदावर बाकीच्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. शेवटी ओल्या फडक्याने पुसून तंतू उठू द्या आणि सुकल्यावर २२० ने हलका हात फिरवा. त्याहून बारीक पेपर इथे लागत नाही.

*तपासणी: अंधाऱ्या खोलीत दिवा बॉडीच्या पातळीवर आडवा धरा. आडवे ओरखडे असतील तर आता दिसतील. रंग किंवा लॅकर लागलं की ते सगळ्यांनाच दिसतात.*

११. छिद्रं भरणं

लिंबाची छिद्रं मोठी आणि उघडी असतात. लॅकरचे थर वाढवून ती भरत नाहीत. लॅकर सुकताना आकसतं आणि छिद्रांवर खळगे पडतात.

आधी छिद्रांतला भुसा व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने काढा. मग मेण काढलेल्या शेलॅकचा एक पातळ हात द्या. या थरामुळे रंगीत फिलर (छिद्रं भरायचं लुकण) फक्त छिद्रांत बसतो, लाकूड डागाळत नाही. पांढऱ्या लिंबात लाकडापेक्षा किंचित गडद फिलर रेषा उठवतो, फार गडद घेतला तर बॉडी मळकट दिसते. काळ्या लिंबात पारदर्शक इपॉक्सी मला जास्त पटतं, कारण पट्टे आणि फिकट लाकूड दोन्हींना शोभेल असा एक रंग सापडत नाही.

1. फिलर गोलाकार चोळून छिद्रांत दाबा.
2. जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने रेषांना तिरकस ओढून जादा काढा. रेषेच्या दिशेने ओढलं तर छिद्रांतलाही निघून येतो.
3. चमक जाऊन धुरकट दिसू लागलं की जाड्याभरड्या कापडाने आडवं पुसा.
4. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्या, ३२० ने हलकं घासा आणि पुन्हा एकदा भरा. लिंबाला एका वेळेत भागत नाही.

*इशारा: तेलावर आधारित फिलर वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असतो. त्यावर लॅकर मारलं तर छिद्रं करडी पडतात आणि फिनिश आठवड्यांनी खाली बसतं. नखाने दाबून ठसा उमटत असेल किंवा अजून वास येत असेल तर थांबा.*

१२. फिनिश

नेकच्या खोबणीला मास्किंग टेप लावा. आत फिनिश साचलं तर नीट बसणारी नेक बसेनाशी होते आणि दाबून बसवली की कोपऱ्यात तडे जातात.

निवडलेलं फिनिश त्याच फळीच्या रद्दी तुकड्यावर घासण्यापासून शेवटच्या थरापर्यंत करून पाहा. तेलाने लिंबा बराच पिवळा होतो आणि काळे पट्टे आणखी गडद होतात, तर पाण्यावर आधारित लॅकरने रंग जवळपास तसाच राहतो. नुसतं तेल लावायचं असेल तर छिद्रं उघडी ठेवूनही बॉडी छान दिसते. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवा.

नायट्रोसेल्युलोज लॅकरचे थर पातळ असावेत. तीन-चार थरांनंतर ४०० नंबरने सपाट करा, पुन्हा थर द्या. शेवटच्या थरानंतर किमान तीन आठवडे थांबा, मग ८०० पासून २००० पर्यंत ओलं घासून पॉलिश करा. कडांवर आणि शिंगांच्या टोकांवर हात हलका ठेवा. लॅकर तिथेच सर्वांत पातळ असतं आणि लाकूड उघडं पडलं तर तेवढाच तुकडा रंगवून जुळत नाही.

१३. जुळणी

स्क्रूंना मेण लावा आणि हाताने फिरवा, ड्रिलने नको. नेकचे चार स्क्रू आलटून पालटून आवळा. मागची धातूची पट्टी लाकडात रुतायला लागली की जास्त झालं. बुशिंग हातोडीने ठोकू नका, क्लॅम्पने सावकाश दाबा.

तारा लावल्यावर पहिले काही दिवस नेकचा जोड बघत राहा. लिंबा दाबाखाली किंचित बसतो आणि स्क्रू पाव वळसा सैल होतात. आठवड्याने तारा थोड्या सैल करून स्क्रू एकदा पुन्हा आवळा, आणि स्वर त्यानंतरच पक्के जुळवा.